सरस्वती पूजनाचा तो फोटो

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्या घरी शिवणकाम करतात, नवऱ्याचं गॅरेज आहे. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. दोघंही चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकली, आता जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये आहेत. मुलीच्या वर्गात मुसलमान ती एकटीच. गेल्या नवरात्रात शाळेत सरस्वती पूजन झालं आणि त्याचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. एका फोटोत ही मुलगी मैत्रिणींच्या रांगेत, आरतीच्या ताटाशेजारी, हात जोडून उभी आहे. फोटो फिरत फिरत दिरांपर्यंत गेला. त्यांचं म्हणणं, पोरीचा दीन, म्हणजे धर्म, हातचा चालला आहे, तिला शाळेतून काढा, मडगावला मामाकडे ठेवा आणि आपल्या माणसांनी चालवलेल्या शाळेत घाला. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "अम्मी, सगळ्या उभ्या होत्या, मी एकटीच कशी बसणार?" त्याच आठवड्यात आईला आणखी एक गोष्ट कळली. मुलगी बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, चढली की डोक्यावरची ओढणी काढून दप्तराच्या बाहेरच्या खणात कोंबते आणि घराजवळ उतरताना पुन्हा बांधते. ती फुगडीच्या चमूत आहे, मराठी वक्तृत्वात बक्षिसं आणते. दिरांच्या मते हीसुद्धा त्याच वाटेवरची पावलं. धाकट्याला वर्गातली दोन मुलं क्रिकेटच्या सामन्यानंतर 'पाकिस्तानी' म्हणून चिडवतात आणि हल्ली तो शाळेला जायला कुरकुरतो. आईने विचारलं आहे, "मुलीला शाळेतून काढू का? तिचं इमान राखायला दुसरा मार्ग आहे का? आई म्हणून मी कुठे कमी पडले?"

प्रिय बहिणी,

पत्रासोबत तुम्ही तो फोटोही पाठवलात. मी तो मोठा करून बराच वेळ बघत बसले. तुमच्या दिरांनी त्यात जोडलेले हात बघितले. मला दुसरंच काहीतरी दिसलं. रांगेतल्या बाकी मुली मूर्तीकडे बघत आहेत, दोघीतिघींचे डोळे मिटलेले आहेत. तुमच्या लेकीची नजर शेजारच्या मुलीच्या हातांकडे आहे. ती बघते आहे, आता हात कुठवर न्यायचे, कधी खाली घ्यायचे. एकतीस वर्षं मी गोव्यातल्या शाळांत मराठी शिकवलं. ही नजर मी चांगली ओळखते. आपण इथे काय करायचं हे ज्या मुलाला कुणीच सांगितलेलं नसतं, त्याची ही नजर असते.

आणि ही नजर मी आतूनही ओळखते, कारण मी तशीच होते. सातवीत असताना आमच्या शाळेत पूजन होतं. आईने सकाळी वेणी घालताना बजावलं होतं, आरती घ्यायची नाही, प्रसाद तोंडात घालायचा नाही. मग घ्यायचं काय, म्हणायचं काय, उभं राहायचं की बसायचं, हे तिने सांगितलं नाही. तिला तरी कुणी सांगितलं होतं? मी पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसून राहिले. पुढच्या वर्षीही माझं पोट दुखलं. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या बाई वर्गात आल्या, माझ्याजवळ बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "दर नवरात्रात दुखतं होय गं?" मी रडायला लागले. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पूजनाच्या दिवशी दारात उभं राहून पाहुण्यांना आत घेऊन जायचं काम. त्यानंतर मला खोटं बोलावं लागलं नाही. आज साठी उलटली, पाच वेळची नमाज सांभाळते आहे, पण माझ्या दीनाला त्या शाळेत जर कशाची इजा झाली असेल तर ती त्या दोन वर्षांच्या खोट्याची.

म्हणून तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त काळजी वाटली, ती फोटोतली नाही. ती बालरथातली आहे. फोटोतली मुलगी गोंधळलेली आहे, गोंधळ बोलून सुटतो. बालरथातली मुलगी घरासाठी एक आणि शाळेसाठी एक अशी दोन तोंडं घेऊन जगायला शिकते आहे. या वयात ते जमायला लागलं की मोठेपणी ती घरात काहीच सांगत नाही, दीनाचंही नाही आणि दुखण्याचंही नाही. तुम्ही लिहिलंय, "शाळा माझ्या मुलीला माझ्यापासून ओढते आहे." मला विचाराल तर शाळेपेक्षा ही लपवाछपवी तिला जास्त लांब नेईल. आणि शाळा बदलली तर ती थांबेल याची मला अजिबात खात्री नाही. मडगावच्या शाळेतही दार आहे, गेट आहे, बस आहे.

शाळा बदलायच्या मी विरोधात आहे असं समजू नका. मुसलमानांच्या संस्थांनी चालवलेल्या शाळा गोव्यात आहेत आणि स्वतःच्या शाळा काढण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क घटनेच्या कलम ३० मध्ये लिहिलेला आहे. तिथे नमाजेची सोय असते, शुक्रवार सांभाळला जातो, पोरीला आपल्यासारख्या चार मैत्रिणी मिळतात. ही लहान गोष्ट नाही. पाचवीत घालतानाच तुम्ही ती निवड केली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण नववीच्या मध्यावर, पुढच्या वर्षी गोवा बोर्डाची दहावी समोर असताना, आईबापापासून दूर मामाकडे, आणि तेही एका फोटोची शिक्षा म्हणून? ती त्याचा अर्थ काय लावेल? ती एवढंच शिकेल की दीन म्हणजे वक्तृत्वाची बक्षिसं, मैत्रिणी आणि स्वतःची खोली ज्याच्यामुळे गेली ते. शिक्षा म्हणून दिलेला दीन मुलं आयुष्यभर शिक्षेसारखाच वागवतात. शाळा बदलायचीच असेल तर दहावीनंतर, अकरावीला, तिला सोबत नेऊन दोन-तीन ठिकाणं दाखवून बदला. तेव्हा तिचंही मत असेल.

आता दिरांनी एका गाठोड्यात बांधलेल्या गोष्टी आपण सोडवून वेगवेगळ्या ठेवू. पूजा, फुगडी, मराठी, मैत्रिणी, ओढणी. हे सगळं एकच आहे असं मानलं की मग फक्त दोनच वाटा उरतात, सगळं धरा नाहीतर सगळं सोडा. मुलं बहुतेक वेळा दुसरी वाट धरतात.

पूजा ही इबादत, म्हणजे उपासना आहे. आपली इबादत अल्लाहशिवाय कुणाची नाही, हा आपल्या दीनाचा पाया आहे आणि तो मुलीला स्पष्ट सांगायला लाजू नका. आरती ओवाळणं, हात जोडून प्रार्थना करणं, यात तिने भाग घ्यायचा नाही हे तुमचं म्हणणं योग्य आहे. पण ज्या दालनात पूजन चालू आहे तिथे आदराने शांत उभं राहणं वेगळं, आणि पूजन करणं वेगळं. प्रसादाबद्दल, रांगोळी काढण्याबद्दल, फुलं आणून देण्याबद्दल आलिमांमध्ये, म्हणजे दीनाच्या जाणकारांमध्ये, मतं वेगवेगळी आहेत. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे नवरा-बायको दोघं जाऊन हे नीट विचारून घ्या. विचारताना फोटो पुढे करू नका, परिस्थिती सांगा. वर्गात एकटी मुलगी, वय चौदा, असा असा कार्यक्रम. आणि मिळालेलं उत्तर लेकीला कारणासकट सांगा. "नाही म्हणजे नाही" हे पाचवीपर्यंत चालतं.

हा मामला आज पहिल्यांदा उभा राहिलेला नाही, हेही तिला सांगा. इसवी सन ६१५ च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमानांची एक तुकडी हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला, ख्रिस्ती राजा नजाशीच्या आश्रयाला गेली. दरबाराचा रिवाज होता राजापुढे लवण्याचा. हे लवले नाहीत. विचारलं तेव्हा त्यांनी अदबीने सांगितलं की आम्ही सजदा फक्त अल्लाहला करतो. पुढे त्यांच्यातल्या हजरत जाफर यांनी राजाला सूरह मरियममधल्या आयती ऐकवल्या, आणि त्या ऐकून राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या आश्रयाला असलेली माणसं होती ती. ती तिथून पळून गेली नाहीत आणि लवलीही नाहीत. काय करत नाही ते सांगितलं, आणि लगेच काय मानतो तेही सांगितलं. तुमच्या लेकीकडे ही दोन वाक्यं हवीत. "टीचर, आमच्यात पूजा करत नाहीत, पण मी इथे शांत उभी राहते." एवढंच. ती वक्तृत्वात बक्षिसं आणते. तिच्या तोंडी हे छान बसेल. घरात दोन-चारदा म्हणवून घ्या, तुम्ही टीचर व्हा.

फुगडीचं काय? फुगडी गोव्यात चवथीला, धालो या बायकांच्या लोकोत्सवात, अंगणात बायका घालतात. गाणी काही देवाची असतात, काही निव्वळ सासर-माहेरची, शेताची, चेष्टामस्करीची. चमूची गाणी लेकीकडून घरी म्हणून घ्या. एखादं गाणं सरळ देवाचं स्तवन असेल तर त्यापुरती ती बाजूला राहील, चमूतल्या मुली तेवढं समजून घेतात. गोल फिरून दमणं हे काही कुणाच्या धर्माचं नाही. कपड्यांबद्दल तुमची अट असेल तर ती टीचरना सांगा. पण न ऐकताच बंद करू नका.

आणि मराठी! बहिणी, इथे मला राग आला, तो लपवत नाही. मराठीत बोलली की पोरगी आपली राहत नाही, हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. दिरांना जरा लेकीचं दप्तर उघडून दाखवा. 'दप्तर' हाच शब्द फारसीतून आलेला. आतला कागद फारसी, शाई फारसी. वर्गात घेतात ती हजेरी अरबीतून, आजारी पडल्यावर मागतात ती रजाही. आणि ती ज्या खुर्चीवर बसते, तो 'कुर्सी' शब्द रोज झोपताना तुम्ही कुराणातल्या आयतुल कुर्सीत म्हणता तोच. चारशे वर्षांपूर्वी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ओव्या लिहिल्या आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हटलं. मराठी आपलीही आहे. तुमची लेक मराठीतून आपल्या दीनाबद्दल चार वाक्यं बोलू शकते, हे तर तिच्या वर्गातल्या एकाही मुलीला ऐकायला मिळालेलं नसेल.

आता शाळेकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की तक्रार केली तर टीचर मुलीवर राग धरतील. तक्रार करूच नका, कारण शाळेने अजून तुमचं काही नाकारलेलं नाही. तुम्ही काही मागितलेलंच नाही. वर्गशिक्षिकेला बहुधा ठाऊकही नसेल की यात तुमच्या घराला काही अडचण आहे. मी शिकवत होते तेव्हा हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान पालक वर्षानुवर्षं माझ्याकडे मार्कांबद्दल यायचे. या गोष्टीबद्दल बोटावर मोजण्याइतके आले, आणि आले तेही घडून गेल्यावर, चिडून.

पूजनाच्या निदान दोन आठवडे आधी जा. पालक-शिक्षक सभेच्या गर्दीत नको, शाळा सुटल्यावर, वेळ मागून. नवऱ्याला गॅरेज तासभर बंद ठेवायला सांगा, दोघं दिसलात की फरक पडतो. मुलीला सोबत घ्या. आधी शाळेने तिच्यासाठी जे चांगलं केलं ते बोला, कारण ते खरं आहे. मग मागणं लहान आणि नेमकं ठेवा. सरस्वती पूजनात ती दालनात असेल, पण आरती आणि नमस्कार करणार नाही, तिला त्या वेळी एखादं काम द्या. परिपाठात प्रार्थनेच्या वेळी ती शांत उभी राहील. एवढंच चार ओळींत लिहून, खाली दोघांच्या सह्या करून द्या. टीचर बदलतात, चिठ्ठी राहते.

हे मागणं म्हणजे शाळेवर उपकाराचं ओझं टाकणं नाही. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर त्यासाठी पालकाची संमती लागते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळातल्या तीन भावंडांचं प्रकरण आलं होतं. ती 'यहोवाचे साक्षीदार' या पंथातली. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणं पुरेसं मानलं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटायला नाही. कलमाचा आकडा पहिल्या भेटीत तोंडातून निघाला की समोरचा माणूस माणूस राहत नाही, ऑफिस होतो. गोड बोलून नकार मिळाला, मग दुसऱ्या भेटीत कलम काढा.

टीचरांची बाजूही बघा. २०२३ च्या सप्टेंबरात आपल्या गोव्यातच, दाबोळीच्या एका उच्च माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांना मशिदीच्या भेटीला नेलं, म्हणून त्यांना निलंबित केलं गेलं. तेव्हापासून चांगले शिक्षकही धर्माचा विषय निघाला की दोन पावलं मागे सरकतात. त्यांना मोठं काही मागून अडचणीत टाकू नका. मुलीला एक काम आणि थोडी शांतता, एवढं कुठलीही टीचर देऊ शकते.

नमाजेची तुम्हाला वाटते तेवढी अडचण मला दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक शाळा सकाळच्या, दीड-दोनपर्यंत सुटतात. गोव्यात जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजेची, वेळ ऋतूप्रमाणे साधारण सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान सुरू होते आणि पुढच्या असरच्या नमाजेपर्यंत, म्हणजे असर लवकर धरणाऱ्या शाफई पंथाच्या हिशेबानेही साडेतीनपर्यंत तरी, राहते. बालरथातून उतरून हातपाय धुऊन, वजू करून, जेवणाआधी जोहर होते. मुंबईतल्या दुपारच्या शाळांतल्या मुलांना हे सुख नाही. अडचण खरी येते ती शुक्रवारी, आणि ती तुमच्या मुलाची. जुम्मा, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज, वयात आलेल्या पुरुषांवर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे, बायकांवर नाही. मुलगा सहावीत आहे, एक-दोन वर्षांत तो प्रश्न येईल. जवळच्या मशिदींत खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं प्रवचन, किती वाजता सुरू होतो ते विचारून ठेवा, सगळीकडे एकच वेळ नसते. अर्धा तास लवकर सोडण्याची परवानगी लागलीच, तर शुक्रवारी शेवटचा तास कुठल्या विषयाचा आहे ते बघून, बुडालेला अभ्यास भरून काढायची हमी देऊन मागा.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चकडे, म्हणजे नेमका परीक्षांच्या दिवसांत येतो आहे. रोजे ठेवणाऱ्या मुलाबद्दल पी.टी. टीचरना पहिल्याच दिवशी कळवा. माझ्या एका आठवीतल्या विद्यार्थ्याने कुणाला न सांगता रोजा ठेवला होता आणि मैदानावर चक्कर येऊन पडला. मी पाणी घेऊन धावले तर त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. का, ते मला, मुसलमान असून, पाच मिनिटांनी कळलं. त्या पाच मिनिटांची मला अजून शरम वाटते. आजारात आणि प्रवासात रोजा पुढे भरून काढायची सवलत कुराणाने सूरह बकरात दिलेली आहे आणि त्याच ठिकाणी म्हटलं आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवं आहे, अवघड नको. मूल खरंच आजारी पडलं तर ती सवलत घ्यायला लावा. परीक्षेचं काय, ते इमामसाहेबांना विचारा.

आता धाकटा. बहिणी, पत्रात तुम्ही त्याच्यावर तीन ओळी लिहिल्यात आणि फोटोवर दोन पानं. मी उलट करेन. सरस्वती पूजनात कुणी तुमच्या मुलीचं वाईट चिंतलं नव्हतं. 'पाकिस्तानी' म्हणणं मात्र मुलाला त्याच्याच गावात परकं करणं आहे, आणि तिथे गोड बोलून भागणार नाही. कुणी म्हटलं, केव्हा, कुठे, हे मुलाकडून शांतपणे विचारून तारखांसकट लिहा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. त्या दोन मुलांना शिक्षा करा असं लिहू नका. वर्गशिक्षकांनी हे थांबवावं आणि काय केलं ते आम्हाला कळवावं, असं लिहा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर पालक-शिक्षक संघात मांडा. मुलाला "दुर्लक्ष कर" सांगू नका. तो ते दोन महिने करतोच आहे, म्हणूनच तर शाळा नको म्हणतो.

आणि त्याला घेऊन एकदा बाहेर पडा. डिचोलीचा नमाजगा, नमाजेची जुनी जागा, तुमच्या हाताशी आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता, त्या काळाशी त्या जागेचं नाव जोडलं जातं. फोंड्याची साफा मशीद आणि तिचा दगडी तलाव आदिलशाहीतला आहे. त्या तलावाच्या पायऱ्यांवर त्याला बसवा आणि सांगा, हे फोंड्यात पोर्तुगीज राजवट यायच्या आधीचं आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात शंभरातले आठ जण मुसलमान होते. आपण थोडे आहोत, पण कालचे नाही. अकरा वर्षांच्या मुलाला वाद घालता येत नाही, पण आपली जागा बघून आलेल्या मुलाची पाठ सरळ होते. त्याच्या वर्गातला एखादा मित्र येत असेल तर त्यालाही न्या.

कॉन्व्हेंटमध्ये मुलं असलेल्या पालकांचीही पत्रं मला येतात, त्यांच्यासाठी इथेच दोन शब्द. वाट तीच आहे. कॅथलिक मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वेळी इतरांना बहुतेक शाळा वेगळं बसवतात. सकाळच्या प्रार्थनेत आपलं मूल क्रूसाची खूण न करता शांत उभं राहू शकतं. मरियमच्या नावाची अख्खी सूरह आपल्याकडे आहे हे मुलाला ठाऊक असेल, तर त्याला त्या भिंतींत कोंडल्यासारखं वाटत नाही. हिंदू-ख्रिस्ती टीचर हे वाचत असतील तर त्यांना एकच विनंती. ईदला वर्गातल्या एकुलत्या एका मुसलमान मुलाला उभं करून "आता तू आम्हाला तुमच्या सणाबद्दल सांग" असं अचानक म्हणू नका. आदल्या दिवशी एकट्याला विचारा, नाही म्हणालं तर सोडून द्या.

राहिली ओढणी. आपल्या शेजारी कर्नाटकात यावरून काय झालं ते तुम्ही बघितलंत. मार्च २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि प्रश्न नवं पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेला. या सगळ्यात किती मुलींची वर्षं गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या शाळेने मात्र ओढणीला मनाई केलेली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ती तुमची लेक स्वतः काढते. मग प्रश्न शाळेला नाही, लेकीला विचारायचा आहे. आणि तो विचारायच्या आधी स्वतःला विचारा, सहावीत तिने ओढणी घेतली तेव्हा ती तिला हवी होती, की सगळ्या मावश्या-चुलत्यांसमोर तुम्ही बांधलीत आणि तिने बांधू दिली? दोन्हींपैकी काही असलं तरी मी तुम्हाला दोष देत नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत मी दुसरं केलं होतं.

तुम्ही कुठे कमी पडलात असं विचारलंत. तुम्ही तिला काय करायचं नाही ते नीट सांगितलंत. काय करायचं ते सांगायचं राहिलं. नववीतल्या मुलीच्या आईला त्यासाठी अजून बराच वेळ आहे. एखाद्या रात्री मशीन बंद करा, तिला शेजारी घ्या आणि म्हणा, मला बालरथातलं माहीत आहे, मी रागावलेली नाही, मला फक्त ऐकायचं आहे. मग गप्प बसा. ती कदाचित म्हणेल की मुली हसतात. कदाचित म्हणेल, उकडतं. कदाचित म्हणेल, मला अजून नको आहे, मोठी झाल्यावर घेईन. शेवटचं उत्तर ऐकायला जड जाईल. तरी ते उत्तर तोंडावर दिलं म्हणून तिला ओरडू नका, कारण त्या क्षणी ती तुमच्याशी खरं बोलत असेल. मुली हसतात म्हणाली तर शाळेच्या गणवेशाच्याच रंगाचं सुती कापड आणून, टाचण्या न लागणारी शिवून द्या, पुष्कळ मुलींना तेवढ्याने सोपं जातं. नको म्हणाली तर घरातून बांधून निघायची सक्ती उठवा. तुमच्या घरात त्यावरून वादळ होईल हे मला माहीत आहे. दिरांना तुमच्या नवऱ्याने उत्तर द्यायला हवं, तुम्ही एकटीने नाही.

आणि काहीही ठरलं तरी उरलेल्या कापडाची एक लहान बटव्यासारखी पिशवी तिला शिवून द्या, दोरी ओढून बंद होणारी. बालरथात कधी ओढणी काढायची झालीच तर ती घडी घालून त्यात ठेवता येईल. बाहेरच्या खणात डब्याचं तेल लागतं.

तुमची बहीण